मनगटावरचा भारद्वाज

निरोप आला तेव्हा मी मोड आलेले वाल सोलत बसले होते. कर्जतच्या आमच्या घरी फोन नाही. तो शेजारी येतो आणि शेजारच्या वहिनी दारात येऊन सांगतात. त्या दिवशी त्या दारात न थांबता थेट स्वयंपाकघरापर्यंत आल्या, तेव्हाच मला काही कळायला हवे होते. "खोपोलीहून जावईबापूंचा फोन होता," त्या म्हणाल्या. "तुमच्या विहीणबाई गेल्या हो. पहाटे, झोपेतच." मी "बरं" म्हणाले. माझ्या तोंडून आणखी काही येईल म्हणून त्या थोडा वेळ थांबल्या... मग परत गेल्या. मी उरलेले वाल सोलून संपवले. साली एका बाजूला, डाळिंब्या एका बाजूला. एकही दाणा सालीसकट राहू दिला नाही. ते वाल दुसऱ्या दिवशीच्या रविवारसाठी होते. बिरडे मी करायचे आणि भाकरी विहीणबाईंनी आणायच्या, असा आमचा रानात जाण्याचा शिरस्ता होता. आता बिरडे करावे की नाही, एवढा एकच प्रश्न त्या वेळी मनात आला. त्याचे उत्तर सुचेना, म्हणून डाळिंब्या पाण्यात घालून झाकून ठेवल्या आणि खोपोलीची गाडी पकडली.

त्याला आज काही आठवडे उलटले. मला अजून रडू आलेले नाही. झोपेत हात अंगाखाली सापडून बधिर व्हावा, आपलाच असून दुसऱ्या कुणाचा वाटावा, तसे काहीसे झाले आहे. रविवार यायचा. मी लवकर उठायचे, पायांत कापडी बूट घालायचे आणि थोड्या वेळाने काढून ठेवायचे. एकटीने रानात जायचे, की ते सारे आता मिटवून टाकायचे, हे मला ठरवता येत नव्हते. आयुष्यभर शाळेत मुलींचे निबंध तपासले, स्वतः मात्र कधी लिहिला नाही. त्यामुळे हे लिहिणे कितपत साधेल याची मला शंका आहे. परंतु जिच्यामुळे मी पन्नाशीला आल्यावर प्रथमच एखाद्या झाडाखाली उभी राहून मान वर केली, त्या बाईविषयी काहीच न लिहिणे मला बरे वाटेना.

त्यांचे नाव सुमती. हे नाव मी त्यांच्या हयातीत एकदाही उच्चारले नाही. माझी एकुलती एक मुलगी नीलिमा त्यांच्या घरी दिलेली. त्या वरमाय आणि मी मुलीची आई. आमच्यामध्ये 'विहीणबाई' हा एकच शब्द होता आणि त्या शब्दाला साजेसे अंतर होते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी फराळाचे डबे घेऊन खोपोलीला गेले, ती सत्तरच्या दशकाच्या आरंभीची गोष्ट. माझे व्याही, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, ते तिथल्या वीजघरात नोकरीला होते. डोंगरावरून अजस्र नळांतून पाणी खाली येते आणि त्यावर यंत्रे फिरतात. त्या यंत्रांच्या शेजारी उमेदीची वर्षे काढल्यामुळे अप्पांचे कान मंद झाले होते. त्यामुळे त्या घरात सगळेच मोठ्याने बोलत. त्यांच्या वसाहतीतल्या घराच्या पायरीवर मी पाऊल ठेवले, तेव्हा आतले बोलणे ऐकून मला वाटले की भांडण चालले आहे. प्रत्यक्षात चहात आले घालायचे की नाही, एवढेच ठरत होते.

वरमाय घरात नव्हत्या. "ती वर गेलीय!" अप्पा पलीकडच्या टेकडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "बसा! येईल!" वर म्हणजे कुठे, हे विचारायचा मला धीर झाला नाही. नीलिमाने हळूच सांगितले, "आई, त्या रोज जातात. पाइपलाइनच्या बाजूच्या जंगलात. पाखरं बघायला." मी डबे मांडीशी धरून बसून राहिले. मुलीच्या आईने पहिल्या सणाला यावे आणि वरमायेने घरी नसावे, याचा एकच अर्थ मला ठाऊक होता. लग्नात आमच्याकडून काय कमी पडले, याची उजळणी मी मनातल्या मनात करू लागले. ताटे, वाट्या, मानाची लुगडी... इतक्यात त्या आल्या. पदर कमरेला खोचलेला, नेसूच्या काठाला खालपासून पोटरीपर्यंत कुसळे चिकटलेली, केसांत कोळ्याचा एक धागा. मला पाहून त्या जागच्या जागी थबकल्या.

"अगं बाई! विहीणबाई! आणि मी ही अशी!" मग माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहून त्यांनी विचारले, "रागावलात ना?"

"छे, छे..."

"रागवा, रागवा. पण खरं सांगू का, तो हळद्या काही माझ्यासाठी थांबला नसता. तुम्ही थांबलात."

मी शाळेत मुलींना संस्कृत शिकवीत असे. चातक, सारिका, चक्रवाक हे शब्द मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले, त्यांचे विग्रह सांगितले, विभक्ती चालवून घेतल्या. हळद्या म्हणजे काय, हे मला त्या दिवशी विचारावे लागले.  त्यांनी फराळाचे डबे उघडले, त्यांतल्या एका करंजीचा पिवळा पापुद्रा बोटाने दाखवला आणि म्हणाल्या, "हा रंग. आणि पंखांवर काजळ. उद्या सकाळी दाखवते." अप्पांनी वर्तमानपत्र खाली केले. "अगं, लोकांच्या विहिणी शालू देतात घेतात, तू विहिणीला काटे देतेस होय!" त्या तितक्याच मोठ्याने म्हणाल्या, "शालू ट्रंकेत पडतो. काटे चार दिवस आठवण देतात!"

त्या रानात जायला कशा लागल्या, हे मला पुढे कळले. लग्न होऊन त्या वसाहतीत आल्या तेव्हा अप्पांना पाळीचे काम असे. रात्रपाळी करून ते घरी आले की दिवसा झोपायचे, आणि तेव्हा घरात भांडे वाजून चालत नसे. लहान मूल घरात शांत बसेना. म्हणून मुलाला कडेवर घेऊन त्या मागच्या दाराने बाहेर पडत आणि झाडीत जाऊन बसत. मूल मोठे होऊन शाळेत जाऊ लागले, अप्पांची पाळी सुटली, तरी त्यांचे बाहेर पडणे सुटले नाही. "नवरा झोपावा म्हणून गेले आणि मीच जागी झाले बघा," असे त्या हसत सांगत. त्यात कसलाही थाट नव्हता. दुर्बीण त्यांच्याकडे नव्हती. पुढे मुलाने आणून दिली, ती त्या बहुधा पिशवीतच ठेवत. दुर्बिणीतून पाहिले की पाखरू जवळ येते आणि रान लांब जाते, असे त्यांचे म्हणणे होते.

रानात पहिल्याच दिवशी आमची मोठी पंचाईत झाली. त्या पुढे, मी मागे. एकाएकी त्या थांबत आणि कुजबुजत, "विहीणबाई, तो बघा, त्या ऐनाच्या खोडावर, उजवीकडच्या..." तोवर मी म्हणे, "कुठे हो, विहीणबाई?" आणि तोवर खोडावर काही उरलेले नसे. दिवसभर हेच चालले. अखेर एका उंबराच्या मुळावर त्या मटकन बसल्या.

"अहो, गेला माझा सुतार. कसला देखणा होता! तुमचा मान सांभाळता सांभाळता गेला."

"मग मी तुम्हाला काय म्हणायचे?" मी खरोखरीच गोंधळून विचारले. त्यांचे नाव घेणे शक्य नव्हते. नुसते 'अहो' म्हणणे मला उद्धटपणाचे वाटत होते.

त्यांनी थोडा विचार केला. "असं करू. मान या उंबरावर टांगून ठेवू. जाताना इथं ठेवायचा, परतताना घेऊन जायचा. आणि आत बोलायचंच नाही. मला दिसलं की मी तुमच्या मनगटावर बोट वाजवीन, तुम्हाला दिसलं की तुम्ही माझ्या."

आज हे वाचणाऱ्यांना यात विशेष वाटणार नाही. परंतु तोवर मी त्यांना दोनदाच स्पर्श केला होता. एकदा लग्नात त्यांच्या पायांवर पाणी घालताना आणि एकदा मानाचे लुगडे हातात देताना. दुसऱ्या बाईचा हात नुसता हात म्हणून धरावा, असा प्रसंग माझ्या आयुष्यात लहानपणानंतर आला नसावा. पती लवकर गेले, मुलगी सासरी गेली. शाळा आणि घर यांत स्पर्शाला तशी जागा नसते. त्या दिवसापासून मात्र रविवारी सकाळी त्या उंबराच्या खोडाला आम्ही दोघी हात लावत असू आणि मान खरोखरच तिथे राहत असे. परतताना त्या खोडाला पुन्हा हात लावून "चला विहीणबाई" म्हणाल्या की मी लगेच पदर सावरून दोन पावले मागे होई. मध्ये जे काही होई ते विहिणींमध्ये घडलेले नसे.

त्यानंतर बारा-तेरा वर्षे, शाळेच्या सुट्ट्या आणि रविवार जमतील तसे, आम्ही दोघी हिंडलो. कधी खोपोलीच्या वरची झाडी, कधी आमच्या बाजूला कोंढाण्याच्या लेण्यांच्या वाटेवरचे रान, कधी भाताची कापणी झाल्यावर पोशीरची शेते, जिथे बगळे आणि टिटव्या उतरत. खोपोलीच्या वरच्या वाडीतली भागी नावाची एक बाई मोळी घेऊन उतरताना आम्हाला हमखास भेटे. ती मोळी खांद्यावर तशीच ठेवून आमची झडती घेई.

"काय गं, आज काय गावलं?"

"शेकरू दिसलं," विहीणबाई उत्साहाने सांगत.

"धरलं नाय?"

"नाही गं."

"धरायचं नाय, खायाचं नाय, मंग एवढ्या चढावर येता कशाला? आमी बघा, पोटासाठी चढतो. तुमाला घरी काम नाय वाटतं." मग माझ्याकडे वळून, "आन ही कोन गं तुजी? बहीन?"

"विहीण," त्या सांगत.

भागी मोळीसकट हसे. "विहिनी विहिनी रानात! आमच्यात विहिनी भेटल्या का भांडान होतं. तुमी भांडायला येता का काय हितं, कुनी आयकू नाय म्हनून?" हा विनोद ती दर भेटीत करी आणि विहीणबाई दर भेटीत पहिल्यांदा ऐकल्यासारख्या हसत. मी निवृत्त झाले त्याच सुमारास भागी दिसेनाशी झाली. वाडीत चौकशी केली तेव्हा ती मुलाकडे गेली असे कळले. विहीणबाई मात्र बरेच दिवस त्या वळणावर थोड्या रेंगाळत.

एका वर्षी होळीनंतर आम्ही पनवेलच्या पुढे कर्नाळ्याच्या अभयारण्यात गेलो. एस.टी. बदलून जायचे म्हणजे आमच्या दृष्टीने परदेशगमनच होते. विहीणबाई त्यासाठी नवे लुगडे नेसल्या. अभयारण्य म्हटल्यावर तिथे पाखरे रांगेने बसलेली असतील, असे मला मनातून वाटत होते. तिथे पोचलो तर 'शांतता राखा' अशा पाटीच्या खालीच सहलीला आलेली एक मंडळी ट्रान्झिस्टर लावून बसली होती. आम्ही त्यांच्यापासून दूर, ओढ्याच्या कडेने वर गेलो. पांगारा फुलला होता. ट्रान्झिस्टरचा आवाज मागे पडला आणि मग रान जे बोलू लागले... शिंजीर, सुभग, शिंपी, असे सगळे बारीक आवाजाचे पक्षी जणू एकमेकांना ऐकू जाऊ नये म्हणून हट्टाने ओरडत होते. पांगाऱ्याची फांदी न् फांदी वाजत होती. त्यांनी शिकवले म्हणून मी ते आवाज वेगवेगळे ओळखू शकत होते, आणि ओळखून दाखवावेत म्हणून मी त्यांच्याकडे वळले.

त्या फुलांकडे पाहत उभ्या होत्या. "आज किती शांत आहे, नाही?" त्या म्हणाल्या. "त्या रेडिओनं सगळी उठून गेली वाटतं."

 थट्टा करत असाव्यात, असे क्षणभर वाटले. पण त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, थोडा हिरमोड होता. डोक्याच्या अगदी वर एक शिंजीर ओरडत होता. मी त्यांचे मनगट धरले आणि त्याच्या ओरडण्याच्या ठेक्यावर बोट वाजवले, भरभर, बारीक. त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिले, मग वर पाहिले, आणि त्यांना तो दिसला. त्याची चोच उघडताना आणि मिटताना दिसली. बराच वेळ त्या त्याच्या चोचीकडे आणि माझ्या बोटाकडे आळीपाळीने पाहत राहिल्या. मग अगदी सावकाश म्हणाल्या, "असं आहे होय..."

आपल्याला कमी ऐकू येते, हे त्यांना तोवर उमगलेच नव्हते. ज्या घरात सगळेच ओरडून बोलतात, तिथे कळणार तरी कसे? अप्पांसाठी चढवलेला आवाज त्यांनाही पुरत होता. पेटीच्या उजव्या टोकापासून एकेक सूर मुका होत यावा, तसे त्यांचे झाले होते. आधी सगळ्यांत बारीक पाखरे गेली, आणि ती रानातून गेली असेच त्यांना वाटत राहिले. "मी म्हणत होते की हल्ली झाडं तोडतात म्हणून शिंपी कमी झालेत," असे म्हणून त्या त्या दिवशी एकदाच हसल्या.

परतताना खोपोलीच्या शिळफाट्याला उतरून रस्ता ओलांडताना एक ट्रक अंगावर येता येता थांबला. हॉर्न त्यांना ऐकू आला होता, परंतु तो कोणत्या बाजूने येतो आहे हे कळले नव्हते. मी त्यांना ओढून घेतले. ड्रायव्हरने खिडकीतून डोके काढले, "अरे अम्मा, बहरी है क्या?" आणि निघून गेला. पलीकडच्या चहाच्या टपरीवर बाकावर बसल्यावर त्यांनी मला विचारले, "त्यानं ते खरंच विचारलं, की शिवी दिली?"

"शिवी दिली," मी म्हणाले.

"मग बरं," त्या म्हणाल्या. चहा आला. मग कप हातात धरून, न पिता, त्यांनी जे सांगितले ते मला शब्दशः आठवते. "घरी कळलं तर मला बाहेर सोडणार नाहीत. एक बहिरा घरात आहेच, दुसऱ्याला काळजीनं बांधून ठेवतील. त्यांचंही चुकणार नाही म्हणा. पण मला घरात बसवेल असं वाटत नाही... आणि तुमच्याबरोबर असताना मला काही झालं, तर त्या घरात नीलिमाला बोल लागेल. तेव्हा हे तुम्ही ठरवा. मला वाईट वाटणार नाही."

मी स्वभावाने भित्री आहे. शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावले तरी माझे तळवे ओले होत. इथे तर माझ्या मुलीचा संसार होता. त्या क्षणी सावधपणाचे चार शब्द बोलणे मला सहज जमले असते. आयुष्यभर मी तेच बोलत आले होते. परंतु बाहेर टपरीच्या मागच्या उंबरात तांबट बोलू लागला होता, ठोक ठोक, एकसारखा, आणि तो तरी त्यांना ऐकू येतो आहे की नाही, हे मला ठाऊक नव्हते. मी त्यांच्या हातातला कप बाजूला ठेवला आणि मनगटावर त्याच्या ठेक्याने बोट वाजवू लागले. भर बाजारात, मान उंबरावर टांगलेला नसताना. त्यांनी डोळे मिटून घेतले. "तांबट," त्या म्हणाल्या. एवढ्यावरच तो विषय संपला.

त्यानंतरची वर्षे आम्ही तशीच हिंडलो. रस्त्याने चालताना मी वाहनांच्या बाजूला, रानात त्यांच्या उजव्या हाताला. सगळ्या आवाजांना हळूहळू बोटांत रूप मिळत गेले. तांबटाला एक बोट, सारख्या अंतराने. पावशाला तीन बोटे, प्रत्येक खेप आधीच्याहून थोडी चढी. हळद्याला बोट वाजवायचे नाही, नुसते मनगटावरून तळव्यापर्यंत घरंगळत न्यायचे. आणि ओढ्याकाठी पहाटे शीळ घालणारा कस्तूर. त्याला कोणताच ठेका नसतो, विसरलेले गाणे आठवून पाहणाऱ्या माणसासारखा तो कुठेही सुरू होतो आणि कुठेही थांबतो. त्याच्यासाठी मी करंगळी त्यांच्या तळहातावर वाट चुकल्यासारखी फिरवत असे. "आज चुकला तो," असे त्या कधी कधी म्हणत, "परवा निराळं म्हणत होता." तो त्यांना ऐकू येत नव्हता, तरीही त्यांचे बरोबर असे, चूक माझ्या करंगळीची असे.

सर्वांत शेवटपर्यंत राहिला तो भारद्वाज. त्याचा आवाज खोल, रिकाम्या घागरीत तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा. तो त्यांना अखेरपर्यंत ऐकू येत होता. आमच्या शेवटच्या रविवारी आम्ही फार वर चढलो नाही, त्यांना धाप लागत होती. उंबराच्या थोड्या पलीकडे, मोठ्या नळांच्या सावलीत बसून बिरडे-भाकरी खाल्ली. खालच्या झुडपांत भारद्वाज हुंकारू लागला. सवयीने माझा हात पुढे झाला, आणि तो त्यांना ऐकू येतो हे आठवून मी मागे घेतला.

"येतोय मला ऐकू," त्या म्हणाल्या. मग हात माझ्या मांडीवर उताणा ठेवून म्हणाल्या, "पण वाजवा."

मी वाजवले. चार बोटे एकत्र, जड, उतरत जाणारी. परतताना उंबराला हात लावायचे आम्ही दोघीही विसरलो, हे मला गाडीत बसल्यावर आठवले. मान तसाच झाडावर राहिला.

त्या गेल्या त्या दिवशी, आणि नंतरच्या सगळ्या दिवसांतही, मी खोपोलीला जे जे करायचे ते केले. नीलिमा रडली, तिला धरून बसले. आलेल्यांना पाणी दिले. माझ्या डोळ्यांत पाणी नाही, हे लोकांच्या लक्षात आले असावे. विहीणच ती, तिला कितीसे वाटणार, असेही कुणाला वाटले असेल. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. मला स्वतःलाही नेमके काय वाटते आहे, ते सांगता आले नसते.

पंधरा दिवसांपूर्वी नीलिमाने बोलावले म्हणून पुन्हा गेले. निवृत्तीनंतर अप्पांनी शिळफाट्याच्या आतल्या अंगाला छोटे घर बांधले आहे. त्याच्या पडवीत एक लांब सागवानी बाक आहे, वसाहतीतल्या घरातून आणलेला. विहीणबाई संध्याकाळी त्याच्या भिंतीकडच्या टोकाला बसत. अप्पा दुसऱ्या टोकाला बसले होते. नीलिमा आत चहा करत होती. मी उभीच होते. व्याह्यांसमोर बाकावर बसायची मला सवय नाही. "बसा!" अप्पा म्हणाले. मी त्यांची प्रकृती विचारली. "मोठ्यानं!" ते म्हणाले. माझा आवाज चढत नाही. मी पुन्हा विचारले, त्यांना कळले नाही.

मग तेच बोलू लागले, आणि त्यांच्या मानाने पुष्कळच हळू. "तिला ऐकू येत नव्हतं. मला ठाऊक होतं."

मी त्यांच्याकडे पाहिले.

"मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर ती घरात बसली असती माझ्यासाठी. तुमचा हात आहे म्हणून मी गप्प राहिलो." मग म्हणाले, "आता तुम्हाला एक विचारायचंय. ती संध्याकाळी इथं बसायची आणि बाकावर बोटं वाजवत राहायची. सकाळी रानात जे झालं असेल ते. तिला वाटायचं, मी पेपर वाचतोय, मला काय कळतंय. पण अहो, आम्ही वीजघरातली माणसं. त्या आवाजात कान काय कामाचे? यंत्राच्या अंगावर तळहात ठेवायचा, आत काय बिनसलंय ते हाताला कळतं. मी या टोकाला हात ठेवून बसायचो. तिची बोटं लाकडातून माझ्या तळव्यात यायची. रोज. फक्त कुठलं कोण, ते मला माहीत नाही. विचारलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं. तुम्ही सांगाल?"

त्यांनी आपला थोराड, डाग पडलेला तळहात बाकाच्या टोकावर उताणा नव्हे, पालथा ठेवला. त्यांच्या हाताला हात लावणे मला या जन्मी शक्य नव्हते, आणि ते त्यांनाही ठाऊक होते. मी विहीणबाईंच्या जागेवर बसले. पदर सावरला. आणि लाकडावर एक बोट वाजवले, सारख्या अंतराने.

"तांबट," मी म्हणाले. त्यांना ऐकू गेले नाही, म्हणून पडवीच्या बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात, बहुधा आयुष्यात प्रथमच, मी ओरडले, "तांबट!" आतून नीलिमा घाबरून दारात आली आणि तिथेच उभी राहिली.

पावशा वाजवला. हळद्या वाजवता येत नाही, तो नुसता लाकडावरून घरंगळत नेला. अप्पांनी मान हलवली, तो त्यांच्यापर्यंत कधीच पोचला नव्हता. मग मी चारही बोटे एकत्र करून जड हाताने वाजवली, उतरत उतरत. त्यांनी लगेच वर पाहिले.

"हा! हा ती रोज शेवटी वाजवायची. मग उठायची आणि दिवा लावायची."

"भारद्वाज!" मी सांगितले.

ते बराच वेळ हात तसाच ठेवून बसले. चहा निवला. मग म्हणाले, "रविवारी जाऊन या तुम्ही वर. आल्यावर इथं बसा थोडा वेळ."

गेल्या रविवारी मी बूट काढून ठेवले नाहीत. उंबरापाशी थोडी थांबले, खोडाला हात लावला आणि पुढे गेले. ऊन वर येईपर्यंत नळांच्या सावलीत बसले. जे ऐकू आले ते ऐकले. डावे मनगट मांडीवर होते आणि उजवा हात त्याच्यावर आपणहून चालत होता. मनगटाला मात्र काही जाणवत नव्हते. उतरून शिळफाट्याला आले. संध्याकाळी अप्पा बाकाच्या टोकाशी हात ठेवून तयार होते. मी भिंतीकडच्या जागेवर बसून सकाळ सगळी वाजवली, जमेल तशी, आणि शेवटी भारद्वाज. नीलिमाने उठून दिवा लावला.

लाकूड मनगटापेक्षा कितीतरी कठीण असते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. परतीच्या गाडीत बोटांची टोके हुळहुळत होती.